रानभात, खाजणातील

रानभात, खाजणातील : (लॅ. ओरायझा कोअर्क्टाटा, पर्यायनाम पोर्टेरेसिया कोअर्क्टाटा, कुल–ग्रॅमिनी अथवा पोएसी). नद्यांच्या मुखांजवळ, भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली दिवसातून दोनदा बुडणाऱ्या मऊ चिखलात वाढणारे एक बहुवर्षायू गवत. सिंधूच्या मुखापासून भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरील खाड्या, बंगालमधील सुंदरबन, बांगलादेश व म्यानमार असा त्याचा प्रसार आहे. बंगालमध्ये त्याला ‘धानी घास’ म्हणतात. गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांच्या खाड्यांच्या काठी त्याचे ताटवे आढळतात. लागवडीतील भात (ओरायझा सटायव्हा) ज्या प्रजातीत मोडतो, तिच्यातील सु. पंचवीस जातींपैकी समुद्राच्या पाण्यात वाढणारी ही एकमेव जाती होय. (येथे ‘प्रजाती’ ही संज्ञा जातींच्या गटाला उद्देशून, म्हणजे वनस्पतिशास्त्रातील रूढ अर्थाने वापरली आहे.) तथापि हे गवत भात आहे की भातापासून निराळे, याविषयी शास्त्रज्ञांचे मत दीडशे वर्षांहून अधिक काळ स्थिर नव्हते. हा वाद केवळ नावाचा नव्हता. क्षार सहन करणारा भात निर्माण करण्याचे प्रयत्न आणि खाड्यांच्या काठच्या चिखलाकडे पाहण्याची दृष्टी या दोहोंशी त्याचा संबंध आहे.

वनस्पतीची उंची सु. एक ते दीड मी. असते. चिखलात आडवे पसरणारे लांब मूलक्षोड (जमिनीतील खोड) हा तिचा मुख्य आधार होय. त्याच्या पेऱ्यांपासून खाली मुळे व वर नवे धुमारे फुटतात, त्यामुळे एका रोपापासून काही वर्षांत मोठा ताटवा तयार होतो. पाती जाड व चिवट असून त्यांच्या कडा बारीक काटेरी असतात. भाताच्या शेतात वावरलेल्या माणसालाही हे पाते हातात घेतल्यावर भाताचे वाटत नाही. फुलोरा (परिमंजरी) आखूड व दाट असतो. कणिशके मोठी, सु. दीड सेंमी. लांब असून प्रत्येकात एकच फूल असते. फुलात सहा केसरदले असतात. बहुतेक गवतांत ती तीनच असतात, भातात मात्र सहा. फुलोऱ्यातील हे साम्य पहिल्या वर्णनकाराच्या दृष्टीतून सुटले नाही.

हा वर्णनकार म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग (1751–1815). ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्ता येथील वनस्पतिउद्यानाचा तो 1793 पासून 1813 पर्यंत अधीक्षक होता. भारतीय वनस्पतींचे त्याने केलेले विस्तृत वर्णन त्याच्या हयातीत छापले गेले नाही. त्याचे मित्र व श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांनी ते पूर्ण स्वरूपात 1832 मध्ये ‘फ्लोरा इंडिका’ या नावाने तीन खंडांत प्रसिद्ध केले. त्याच्या दुसऱ्या खंडात या गवताला ओरायझा कोअर्क्टाटा हे नाव दिलेले आहे. ‘कोअर्क्टाटा’ म्हणजे आवळलेला किंवा दाटीने बसलेला, हे विशेषण फुलोऱ्याला अनुलक्षून आहे. 1805 साली मराठीचे व्याकरण व 1810 साली मराठी-इंग्रजी कोश छापणारे ते केरी हेच, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल. भाताच्या अनेक वाणांची नावे लोकभाषांत असताना, वनस्पतींच्या शास्त्रीय नोंदी व देशी भाषांचे कोश एकाच छापखान्यातून बाहेर पडत होते, ही त्या काळाची एक लक्षणीय बाब आहे.

रॉक्सबर्गनंतर दोन दशकांनी हे गवत प्रथम भातापासून वेगळे करण्यात आले. कंपनीच्या सेवेतील वैद्य विल्यम ग्रिफिथ (1810–45) याने आसाम, ब्रह्मदेश, भूतान व अफगाणिस्तान या प्रदेशांत वनस्पतिसंग्रह केला होता. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मलाक्का येथे तो मृत्यू पावला व त्याची टिपणे जॉन मॅक्लेलंड यांनी क्रमाक्रमाने छापली. 1851 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात या गवतासाठी स्क्लेरोफायलम ही नवी प्रजाती आढळते. या नावाचा अर्थ ‘कठीण पानाचे’ असा आहे. रॉक्सबर्गने फुलोरा पाहिला, ग्रिफिथने पान पाहिले, असे म्हणता येईल. परंतु स्क्लेरोफायलम हे नाव सूर्यफुलाच्या कुलातील एका वनस्पतीला 1829 मध्येच दिले गेले होते. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनुसार दोन प्रजातींना एकच नाव असू शकत नाही, त्यामुळे ग्रिफिथचे नाव टिकले नाही. पुढे जोसेफ डाल्टन हूकर यांच्या संपादकत्वाखाली तयार झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथात (सातवा खंड, 1896–97) हे गवत पुन्हा ओरायझा प्रजातीतच नोंदले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न नव्याने उभा राहिला. जपानी शास्त्रज्ञ तुगुओ तातेओका यांनी भाताच्या जवळच्या गवतांचा तौलनिक अभ्यास केला. पानांची रचना, कणिशके व दाण्यातील भ्रूण या बाबतींत हे गवत इतर ओरायझा जातींहून इतके भिन्न आहे, की त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा द्यावा, असे मत त्यांनी 1965 मध्ये मांडले. नव्या प्रजातीला त्यांनी पोर्टेरेसिया हे नाव दिले. ते फ्रेंच शास्त्रज्ञ रोलां पोर्तेर (1906–74) यांच्या सन्मानार्थ आहे. पश्चिम आफ्रिकेत लागवडीत असलेला भात (ओरायझा ग्लॅबेरिमा) हा आशियातील भाताहून वेगळ्या रीतीने, नायजर नदीच्या खोऱ्यात माणसाळविला गेला, हे प्रतिपादन त्यांच्या नावाशी निगडित आहे. तातेओकांच्या पाठोपाठ 1969 मध्ये भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ए. एन. हेन्री व बी. रॉय यांनी याच गवतासाठी इंडोरायझा असे प्रजातिनाम सुचविले. अर्थाने ते अधिक समर्पक होते. परंतु नामकरणात आधी प्रसिद्ध झालेल्या नावास अग्रक्रम मिळतो, त्यामुळे पोर्टेरेसिया रूढ झाले आणि इंडोरायझा पर्यायनामांच्या यादीत गेले.

तातेओकांचा निर्णय चुकीच्या निरीक्षणावर आधारलेला नव्हता. त्यांनी दाखविलेले फरक खरे आहेत. प्रश्न होता तो त्या फरकांचा अर्थ लावण्याचा. जाड पान, क्षार बाहेर टाकणारी लव, रुजण्यास उतावीळ असलेला मोठा भ्रूण ही लक्षणे फार पूर्वी फुटलेल्या वेगळ्या वंशाची आहेत, की भाताच्याच एका शाखेने खाऱ्या चिखलात राहण्यासाठी मिळविलेली आहेत, हे बाह्य रूपावरून ठरविणे कठीण होते. रंगसूत्रांच्या संख्येवरूनही निर्णय होईना. लागवडीतील भातात 24 रंगसूत्रे असतात, तर या गवतात 48, म्हणजे ते चतुर्गुणित आहे. परंतु ओरायझा प्रजातीत इतरही अनेक चतुर्गुणित जाती आहेत.

निर्णय अखेरीस जनुकांच्या तुलनेवरून झाला. साँग गे, ताओ सांग, बाओ-राँग लू व दे-युआन हाँग यांनी 1999 मध्ये भाताच्या सर्व प्रमुख जातींतील निवडक जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. तीत हे गवत ओरायझाच्या वंशवृक्षाबाहेर न पडता त्याच्या आतच, न्यू गिनीतील ओरायझा श्लेच्टेराय या जातीजवळ येते, असे दिसून आले. भाताच्या जातींचे त्यांच्या रंगसूत्रसंचांवरून अक्षरांनी गट पाडण्याची पद्धत आहे. लागवडीतील भाताचा संच ‘एए’ म्हणून ओळखला जातो, तर या गवताला त्या वेळी ‘एचएचकेके’ हा गट दिला गेला. 2009 मधील पुढील संशोधनात त्याचा संच ‘केकेएलएल’ असा सुधारण्यात आला. याच गवताच्या संपूर्ण जनुकसंचाचा प्राथमिक आराखडा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आज बहुतेक ग्रंथकार रॉक्सबर्गचेच मूळ नाव वापरतात. पोर्टेरेसिया हे नाव मात्र किनाऱ्यावरील परिस्थितिविज्ञानाच्या लेखनात अद्याप वारंवार आढळते, म्हणून वाचकाने दोन्ही नावे ध्यानात ठेवणे सोयीचे ठरते.

वेगळ्या प्रजातीच्या या तीस-पस्तीस वर्षांचा व्यवहारावर परिणाम झाला. खाऱ्या जमिनीतील भाताचा प्रश्न तातडीचा आहे. मातीच्या अर्काची विद्युत् संवाहकता मीटरला तीन डेसिसीमेनच्या वर गेली, की भाताचे उत्पन्न घटू लागते. याउलट खाजणातील रानभात 20 ते 40 डेसिसीमेनपर्यंतच्या क्षारतेत जगतो. समुद्रकाठच्या शेतीइतकाच हा प्रश्न देशावरील कालव्यांच्या लाभक्षेत्रातही आहे. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनी सुपरिचित आहेत आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही निचऱ्याअभावी अशा जमिनी तयार झाल्या आहेत. अशा स्थितीत भाताच्या या नातलगाकडे पैदासकारांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. तथापि 1994 मध्ये के. के. जेना यांनी भात व हे गवत यांचा संकर सिद्ध केला, तेव्हा त्याची नोंद ‘आंतरप्रजातीय’ संकर म्हणून झाली, म्हणजे दोन दूरच्या गटांतील अपवादात्मक मीलन म्हणून. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जेना यांच्याच मार्गदर्शनाखाली पुढे ‘आय आर 56’ या वाणाशी सु. 34,000 संकर करण्यात आले. त्यांतून तीन भ्रूण वाचविता आले व त्यांपैकी एकच रोप वाढले, असे 2013 मध्ये जाहीर झाले. नाते सिद्ध झाले तरी ते दूरचेच आहे, हे या आकड्यांवरून कळते.

क्षार सहन करण्याची यंत्रणा पानात आहे. पात्याच्या वरच्या पृष्ठावर खोल पन्हळी व उंचवटे असतात आणि त्यांवर एकपेशीय सूक्ष्म केस असतात. मुळांनी पाण्याबरोबर घेतलेल्या क्षारांपैकी बराच भाग या केसांत साठतो व त्यांच्या वाटे पानाबाहेर पडतो. केस फुटून गेल्यावर त्यांच्या जागी नवे येतात. ओहोटीनंतर उन्हात वाळलेल्या पात्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, ते यामुळेच. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात टी. जे. फ्लॉवर्स व त्यांचे सहकारी यांनी 1990 मध्ये या प्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोडियम बाहेर टाकीत असताना वनस्पती पोटॅशियमचे प्रमाण पानात टिकवून ठेवते, हा त्यातील महत्त्वाचा भाग होय. केसांखेरीज पेशींच्या आतही एक तजवीज आहे. कलकत्त्याच्या बोस संस्थेतील अरुण लाहिरी मजुमदार यांच्या गटाने या गवतातील एका विकराचा शोध लावला. भातातील तोच विकर मिठाच्या सान्निध्यात निकामी होतो, तर रानभातातील विकर कार्य करीत राहतो. त्याचे जनुक तंबाखूच्या रोपात घातले असता ती रोपेही क्षार अधिक सोसतात, असे 2004 मध्ये दाखविण्यात आले.

गोव्यातील या गवताचे वसतिस्थान समजण्यासाठी खाजण म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे. खाडीच्या काठची, भरतीच्या पातळीखालची जमीन बांध घालून लागवडीस आणली, की तिला खाजण म्हणतात. बांदिवडे येथे सापडलेल्या कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ भूमीच्या दानाचा उल्लेख आहे. तो सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. पोर्तुगीज अंमलात आफोंसो मेशिया याने 1526 मध्ये गावकऱ्यांच्या रूढींची सनद तयार केली, तेव्हा ही व्यवस्था जुनी व पक्की झालेली होती. चिखल, जांभा दगड, पेंढा व बांबू यांनी बांधलेला बांध, त्यातील ‘मानस’ नावाचे लाकडी दार आणि आत ‘पोय’ नावाचा पाणसाठा अशी तिची रचना असते. मानशीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीला उघडते, त्यामुळे खारे पाणी प्रमाणात राहते व मासळीही मिळते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी शेतातील क्षार धुऊन गेल्यावर कोरगुटसारखे क्षारसह भाताचे वाण पेरतात. गोव्यात अशी सु. 18,000 हेक्टर जमीन आहे. उत्तरेकडे रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या बाजूस हीच व्यवस्था ‘खार’ व ‘शिलोत्र’ या नावांनी, मानशीऐवजी ‘उघाडी’ घेऊन आढळते. तेथील काळा राता व भुरा राता या वाणांवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात निवड झाली आणि काळा राता क्षारसहत्वासाठी देशाबाहेरच्या संशोधनातही वापरला गेला.

म्हणजे एका बांधाच्या आत माणसाने निवडलेला क्षारसह भात आणि त्याच बांधाच्या बाहेर निसर्गाने घडविलेला, अशी भाताची दोन रूपे काही पावलांच्या अंतरावर उभी असतात. आतील भाताचे क्षारसहत्व मुख्यतः पावसावर व बांधावर अवलंबून असते. बांध फुटला की तो एका भरतीत जातो. बाहेरील भाताला बांध लागत नाही. उलट बांधाला त्याचा उपयोग होतो. त्याच्या मूलक्षोडांचे जाळे सैल चिखल धरून ठेवते, पात्यांच्या दाटीमुळे पाण्याचा वेग कमी होऊन गाळ खाली बसतो व चिखलाची पातळी हळूहळू वर येते. सुंदरबनात खाडीतून नव्याने वर आलेल्या चिखलावर प्रथम हेच गवत येते आणि त्याने धरलेल्या गाळात तिवर जातीच्या वृक्षांची रोपे रुजतात. अनुक्रमणातील हे पहिले पाऊल असल्याने, जुन्या दाट कच्छ वनश्रीत गवत कमी दिसते व तिच्या पाण्याकडील कडेला अधिक दिसते. गुरे ते आवडीने खातात, बंगालमध्ये ते चाऱ्यासाठी कापूनही नेतात. पाणकणीस व देवनळ या पाणथळीतील उंच वनस्पतींशी त्याची गल्लत होऊ नये. पाणकणीस तर गवतांच्या कुलातील नाहीच. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या भातवर्गीय रानगवतांना काही भागांत देवभात म्हणतात, तीही याहून भिन्न आहेत.

या वसतिस्थानाची स्थिती गेल्या अर्धशतकात बदलली आहे. कूळ कायद्यानंतर गोव्यातील बांधांच्या देखभालीची जबाबदारी गावकरी संस्थांकडून (कोमुनिदाद) कुळांच्या संघांकडे गेली व अनेक ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. खनिज लोहाची वाहतूक करणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवी व जुवारी यांचे काठ खचतात, ही तक्रार शेतकरी अनेक वर्षे करीत आले. महाराष्ट्रात खारभूमीसाठी 1948 चा व नंतर 1979 चा असे कायदे झाले, परंतु त्यांचे लक्ष बांधाच्या आतील पिकावर होते. बांधाबाहेरील चिखल हा त्यांच्या दृष्टीने मोकळी जागा होय. किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 मधील अधिसूचनेत कच्छ वनश्रीबरोबरच खारी दलदल व जिवंत चिखलपट्टे यांचाही अतिसंवेदनशील विभागात समावेश करण्यात आला आणि 2019 च्या अधिसूचनेत तो कायम राहिला. तरी व्यवहारात संरक्षणाचा विचार झाडांच्या मोजणीने होतो. तिवर, चिप्पी व कांदळ यांची तोड झाली तर लगेच डोळ्यांत भरते. गवताच्या पट्ट्यावर भराव पडला तर तो निव्वळ चिखलावर पडला असे समजले जाते.

या गवताच्या बाबतीत हा समज विशेष हानिकारक आहे, त्याचे कारण त्याच्या बीजात आहे. लागवडीतील भाताचे बी वाळवून थंड जागी ठेवल्यास दीर्घकाळ टिकते व जगातील बीजपेढ्या याच गुणावर उभ्या आहेत. खाजणातील रानभाताचे बी मात्र वाळविले की मरते, हे 1989 मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले. चिखलात गळून पडलेला दाणा ओला असतानाच रुजावा, अशी त्याची घडण आहे. त्यामुळे ही जाती पाकिटात बंद करून भावी पिढ्यांसाठी राखता येत नाही. संशोधन संस्थांत ती जिवंत रोपांच्या रूपाने, कुंडीतील चिखलात मूलक्षोड वाटून जतन करावी लागते, आणि अशा संग्रहात थोड्याच ठिकाणची रोपे असतात. प्रत्येक खाडीतील क्षारता, भरतीची उंची व गाळ वेगळा असल्याने तेथील ताटव्यांचे गुणही एकसारखे नसतात. गोव्यात मांडवीतील चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याला 1988 पासून संरक्षण आहे. मांडवी व जुवारीच्या काठचे इतर अनेक ताटवे मात्र अशा क्षेत्राबाहेर, गावांच्या बांधांना लागून आहेत.